काठीत हवा किती

३ फेब्रुवारी

अक्का,

सगळ्यांत आधी आल्या त्या तळमजल्याच्या मुख्याध्यापिकाबाई. चपला दारात काढल्या, तोंड मात्र चालूच ठेवलं. त्यांच्यामागून सोसायटीचा सेक्रेटरी, काखेत फाईल. आणि त्याच्यामागून दुसऱ्या मजल्यावरचा दाढीवाला, ज्याला मी होयबा म्हणते, कारण सेक्रेटरी शिंकला तरी हा मान डोलावतो. तिघं एकाच सोफ्यावर बसले. मधल्याचा श्वास कोंडला असणार, पण मधे होयबा होता म्हणून कुणाला काही कळलं नाही.

तुझी तब्येत नंतर विचारते, आधी हे ऐक.

बाई म्हणाल्या, "आजी, आम्ही असं ऐकलंय, की तुमचा मुलगा सकाळी मागच्या फरशीवर उड्या मारतो."

म्हटलं, "ऐकायला कशाला हवं? तुमच्या खिडकीचा पडदा रोज हलताना दिसतो मला."

अक्का, नीट टेकून बस. आपला ठोंब्या उड्या मारतो! हे नाव तूच ठेवलंस त्याला, तो सात वर्षांचा असताना, आठवतंय ना? तोच ठोंब्या. सून गेल्यापासून दोन वर्षं ह्याने काय केलं, तर पलंगापासून कामाच्या टेबलापर्यंत अकरा पावलं आणि परत अकरा पावलं. मी मोजलीत. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याचे साचे घरी पाठवतात, हा बसून कवळ्या करतो, त्या घेऊन जायलाही त्यांचाच माणूस येतो. मग जिना उतरायचा कशाला? तिसरा मजला म्हणजे त्याला डोंगर झाला होता. बोलणंही तेवढंच. "चहा", "हं", "राहू दे". मी एकदा मुद्दाम त्याच्या चहात मीठ टाकलं, काहीतरी बोलेल म्हणून. मुकाट्याने प्यायला गं.

तर नातीची एक काठी आहे. पोगो म्हणतात तिला. लहान मुलांची स्प्रिंगवाली खेळण्यातली असते तशी नव्हे हो. ही छातीइतकी उंच, जाड नळीची, आत स्प्रिंग नाही, नुसती हवा. सायकलसारख्या पंपाने भरायची. खाली रबराची टाच, पाय ठेवायला दोन खुंट्या, धरायला आडवी मूठ. नात पोहायला शिकवते ना तलावावर, तिथून आली की व्यायाम म्हणून फरशीवर ह्या काठीवर उडते. माणूसभर उंच जाते, मी तर डोळेच मिटते. तिची मूठ फाटली, म्हणून तिने काठी बापाच्या टेबलाला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "बाबा, बघा काही होतंय का." ह्याने कवळीच्या सामानातून नवी मूठ करून दिली. गुलाबी! हिरड्यांच्या रंगाची! आणि मग ती टिकते की नाही हे बघायला, अक्का, हा स्वतः काठी घेऊन तीन जिने उतरला. माणसाला स्वतःची काळजी नसते, पण कामाची असते.

पहिल्या दिवशी दोन उड्या. काल सतरा. डोक्याला नातीचं हेल्मेट, घाम असा, की मी त्याचा सदरा पिळला. आणि वर आला तेव्हा काय म्हणाला माहितेय? "आई, भूक लागलीय."

हवा मी भरते. ते माझं काम. नातीने भिंतीवर चिठ्ठी लावलीय, कुणाचं किती वजन आणि पंपाचा काटा कुठवर. तिची हवा वेगळी, त्याची वेगळी. तो शहाण्णव किलो, काटा पंचेचाळीसवर. मला शाळा फारशी नाही, पण आकडे कळतात.

तर ती तिघं. बाई म्हणाल्या, "वयाला शोभत नाही." सेक्रेटरी म्हणाला, "नियमात काय आहे ते बघावं लागेल." होयबाने मान डोलावली. चहा मात्र तिघांनी दोन-दोन कप घेतला. माझ्याच बशीत बिस्कीट बुडवून माझ्याच पोराला नावं ठेवायची, ह्याला म्हणतात मोठी माणसं.

तुझी धाकटी


१२ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं तुला ताप चढलाय.

पन्नाशीचा बाप्या, शहाण्णव किलो, आणि काठीवर बसून टुणूक टुणूक. बेडूकसुद्धा उडी मारतो तो काहीतरी पकडायला. हा काय पकडतो? त्याला व्यायामच करायचा होता तर रस्ते काय कुणी गुंडाळून ठेवलेत? चालावं सरळ माणसासारखं. पण नाही, तुमच्या घराण्यात सरळ काही झालंय कधी?

आमच्या समोरचा शिंपी पंखा पुसताना स्टुलावरून पडला. स्टूल गुडघ्याएवढं. पायाला सळई घातलीय, चार महिने पलंगावर आहे. पन्नाशीनंतर हाड म्हणजे पापड, मोडलं की जुळत नाही. उद्या तो आडवा झाला तर त्याला उचलणार कोण? तू? स्वतःची पिशवी जिन्यावर तीनदा खाली ठेवणारी?

तू आई आहेस की टाळ्या वाजवायला ठेवलेली बाई? बंद कर म्हटलं तर तू करायची नाहीस, तुला ओळखते. निदान हवा तरी कमी भर. हवा कमी, उडी कमी, पडणं कमी. एवढं समजायला शाळा लागत नाही.

खालची कवळी अजून रुततेय. त्याला सांग.

अक्का


२० फेब्रुवारी

अक्का,

तू तिथे उंटावर बसून माझ्या शेळ्या हाकतेस होय? एक तरी उडी बघितलीस का? आणि त्याला चावतेस ती त्यानेच केलेल्या दातांनी, हे विसरू नकोस. वरचे चौदा आणि खालचे चौदा, एकेक घासून बसवलाय त्याने. पंधरा दिवस लागले होते.

परवा एकेचाळीस झाल्या. एका दमात! मी वरून गॅलरीतून मोजल्या, मोठ्याने. त्याचं टक्कल वरून कसं दिसतं माहितेय, हेल्मेट काढलं की भोवती लाल वळ आणि मधे चकचकीत, उकडलेल्या अंड्यासारखं. पूर्वी मी वरून बघितलं की तो खाली मान घालायचा. परवा वर बघून विचारलं, "किती झाल्या?" मी मुद्दाम म्हटलं, "चाळीस." तर म्हणतो, "एकेचाळीस झाल्या आई, लबाडी नको." बघ! स्वतःही मोजत होता.

विजारी दोन बोटं सैल झाल्यात, मी कमरेत टाके घालतेय.

खालच्या बाईंनी आता खिडकीला दुहेरी पडदा लावलाय. म्हणजे बघायचं असलं की दोन पडदे सारायचे. कष्ट बिचारीचे वाढले.

शिंप्याचं मात्र वाईट वाटलं. कुठला पाय गं? उजवा की डावा? सळई कायमची घातलीय की काढणार? त्याला घरचं कुणी आहे ना बघायला? हे नक्की कळव.

हवेचं मी बघते.

तुझी धाकटी


२ मार्च

धाकटे,

डावा. काढणार नाहीत. घरचं कुणी नाही, शेजारीण डबा देते.

दहा दिवसांत तुझं दुसरं पत्र नाही. एरवी तू पोस्टमनचे पाय झिजवतेस. काय लपवतेस?

मी काय म्हणते, त्याला आठ दिवस माझ्याकडे पाठव. कवळीचं बघेल, खोल्या तळमजल्यावर आहेत, जिना नाही, आणि इथे कुणी मोठ्याने उड्या मोजत नाही. काठी तिथेच ठेवू दे. मी काही त्याची दुष्मन नाही. चार घास सोबतीने खाऊ. दोन माणसांचा स्वयंपाक करायची सवय मोडत नाही, माझी भाजी रोज उरते.

बाई पडदा लावते ते बरोबरच आहे. शहाण्णव किलोचा पुरुष खिडकीसमोर वर-खाली होताना कुणाला बघवेल?

अक्का


९ मार्च

अक्का,

आता तुझं समाधान होईल. तो पडला.

मंगळवारी सकाळी. तिसऱ्या-चौथ्या उडीलाच काठीतून असा आवाज आला, की कुणी हातोडा घातला असं वाटलं. ठाण्! काठी मधेच थांबली आणि हा पुढे गेला. कोपरावर पडला, काठी कचऱ्याच्या डब्यांवर. डब्याचं झाकण फरशीभर गरगरत गेलं आणि किती वेळ वाजत राहिलं, मला वाटलं थांबतच नाही. चारी मजल्यांचे दिवे लागले. सेक्रेटरी लुंगीवरच खाली आला, पण फाईल घेऊन! झोपताना उशाशी घेतो की काय कोण जाणे.

कोपर मोडलं नाही. सुजलंय, खरचटलंय. पण तो नीट नाही.

वर आला आणि मला म्हणाला, "आई, मी जड आहे गं. ते यंत्र माझ्यासारख्यांसाठी नाही." त्याने काठी कपाटामागे ठेवली. परत अकरा पावलं. संध्याकाळी कमिटीचा कागद आला, फरशीवर उड्या मारण्यास मनाई का करू नये म्हणून. वाचलाही नाही त्याने. म्हणाला, "राहू दे."

पाठवत नाही मी त्याला तुझ्याकडे. तो कुठे जायला उठला तर ना.

काल त्याच्या चहात साखरच घालायला विसरले. काही बोलला नाही.

जास्त विचारू नकोस.

धाकटी


१५ मार्च

धाकटे,

मी म्हटलं होतं. हे वाक्य लिहायला मला फार आवडलं असतं, पण तुझं पत्र वाचून मजा गेली.

तरी सांगते. हवा कमी केली होतीस ना? "हवेचं मी बघते" असं लिहिलंस तेव्हाच ओळखलं, ऐकलंस माझं. म्हणून तर कोपरावर निभावलं. पूर्ण हवेत उडाला असता तर आज आपण सळईचं बोलत असतो. तेव्हा रडत बसू नकोस. पोराला वाचवलंस तू.

आता काठी भंगारात दे. आणि त्याला घेऊन तूही ये. दोघांना जागा आहे.

अक्का


२४ मार्च

अक्का,

वाचवलं म्हणे! तुझं पत्र हातात धरून मी जिन्यात बसले होते, वर यायचं धाडस होईना. आता सगळं सांगते, आणि तू मधे बोलू नकोस. पत्रात बोलता येत नाही ते एक बरं आहे.

तुझा शिंपी माझ्या डोक्यात बसला होता. रात्री डोळे मिटले की सळई दिसायची. म्हणून त्या मंगळवारी मी पंप लावला, काटा तिसावर आला आणि थांबले. म्हटलं आज थोडं कमीच उडू दे. भिंतीवर पंचेचाळीस लिहिलेलं माझ्या नाकासमोर होतं. चिठ्ठीकडे पाठ केली आणि नळी काढली. त्याला खालून हाक मारली, "हवा भरली रे!" तो विश्वासाने आला आणि चढला.

नात दुसऱ्या दिवशी काठी तपासायला बसली. मला विचारते, "आजी, हवा तीसच कशी? वॉल्व्ह गळतोय का?" मी म्हटलं, "गळत असेल." बिचारीने तासभर घालवून नवा वायसर बसवला. मी शेजारी बसून तिला बॅटरी धरली! असली मी. खालच्या बाईंना नावं ठेवते, पण त्या निदान पडद्यामागून बघतात, मी तर समोर बसून खोटं बोलले.

मग मीच हळूच विचारलं, "कमी हवा म्हणजे सुरक्षित ना गं?" ती म्हणाली, "आजी, उलट. ती हवाच गादी आहे. एवढ्या वजनाला कमी हवा भरली की नळी तळाला आपटते आणि माणूस फेकला जातो." अक्का, तुझी आणि माझी मिळून अक्कल किती, तर शिंप्याच्या स्टुलाएवढी. हवा कमी, उडी कमी, पडणं कमी! काय पण गणित. तू सात यत्ता शिकलीस त्या कुठे गेल्या?

पण हे तिला सांगून भागणार नव्हतं. तो तिकडे स्वतःला जड म्हणत बसला होता. मी दोन आठवडे गप्प राहिले. वाटायचं, सांगितलं तर परत कधी माझ्यावर भरवसा ठेवणार नाही. आणि नाही सांगितलं तर आयुष्यभर बसून राहील, माझ्या हवेमुळे, स्वतःच्या वजनाला शिव्या देत. मग तुझं ते "वाचवलंस" आलं. तेवढं मात्र गिळवलं नाही.

शनिवारी तो टेबलाशी एक दाढ घासत होता. मी उभी राहिले. म्हटलं, "तू जड म्हणून पडला नाहीस."

"हं."

"हं काय? ऐक. मी हवा कमी भरली होती. तीस. मुद्दाम."

घासायचं मशीन बंद झालं. "मुद्दाम?"

"तू पडू नयेस म्हणून."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि अक्का, तो ओरडला! इतका ओरडला की टेबलावरचे साचे हलले. "मी काय चार वर्षांचा आहे? अठरा दिवस मी स्वतःला गाढव समजतोय! आरशात बघत नाही मी! आणि तू, तू मला चहा देत बसलीस? मीठ घालून, बिनसाखरेचा, वाट्टेल तसा!"

म्हणजे मीठ कळलं होतं त्याला. दोन वर्षं मनात ठेवलं होतं मेल्याने.

मी रडत होते आणि आतून इतकी खूश होते, की तोंड कसं ठेवावं कळेना. काय आवाज! मला वाटलं होतं सून गेली तेव्हा तो आवाजही गेला. तो अजून बरंच बोलला, त्यातलं निम्मं मला लागण्यासारखं होतं आणि मी ते लावूनही घेतलं. शेवटी म्हणाला, "आजपासून पंपाला हात लावायचा नाही. हवा माझी मी भरीन."

हे मात्र बोचलं गं. रोज सकाळी त्याच्याआधी उठून पंप मारायचा, काटा चढताना बघायचा, ते माझं होतं. पण गेलं ते माझ्याच हाताने. कुणाला सांगू?

काठी कपाटामागून निघाली. तो उतरला, कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चारचौघांत उभा राहिला. नव्वद किलो. वर येऊन भिंतीवरचं शहाण्णव खोडलं आणि नातीला विचारून शेजारी नवा आकडा लिहिला. काल रविवारी सकाळी खाली गेला. मला वाटलं दोन-चार मारील. मी मोजत नव्हते, मला मनाई आहे असं मीच धरून चालले. तर खालून हाक, "आई, झोपलीस का? मोजतंय कोण?" बासष्ट, अक्का.

आणि अकरा वाजता कमिटी आली. तेच तिघं. मी उठायच्या आत त्याने दार उघडलं, दोन वर्षांत पहिल्यांदा, हाताला साच्यांचं प्लास्टर लागलेलं तसंच. आत या म्हणाला नाही. तिघं उंबऱ्याबाहेर उभे. चहा नाही, बिस्कीट नाही. होयबा माझ्याकडे केविलवाणं बघत होता.

सेक्रेटरी म्हणाला, "आमच्या कागदाला उत्तर आलं नाही."

"आवाज त्या एका दिवशी झाला. का झाला ते मला कळलंय, परत होणार नाही. सकाळी सातच्या आत उतरणार नाही. आणखी काही?"

बाई पुढे सरकल्या. त्यांचा तो वर्गातला आवाज. "प्रश्न आवाजाचा नाही. माणसाने वयाला शोभेल असं वागावं."

"बाई, दोन वर्षं मी वयाला शोभेल असाच वागलो. बसून होतो. तेव्हा तुमच्यापैकी कोण आलं होतं, बरा आहेस का विचारायला?"

बाई चपलांकडे बघायला लागल्या, जशा काही त्या चपला पहिल्यांदाच बघत होत्या. होयबाने मान डोलावली! सेक्रेटरीने डोळे वटारले तेव्हा थांबवली.

मग सेक्रेटरी म्हणाला, "असं असेल तर ठराव करावा लागेल. सगळ्या मजल्यांच्या सह्या घेऊन येतो."

"या की. तीन घरांच्या कवळ्या माझ्याकडे दुरुस्तीला आहेत. सही करताना दात काढून हसणार कसे, तेवढं विचारून घ्या."

दार लावलं आणि इतका हसला, की खोकला लागला. मी म्हटलं, बाबा, हे जरा जास्तच झालं. तर म्हणतो, "आई, तू आता गप्प बस, तुझी पाळी शनिवारी झाली."

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, हवेचं सगळं. म्हणाला, "मावशीलाही ओरडायचंय मला, पण समोर." पुढच्या महिन्यात येतोय तुझ्याकडे. खालची कवळी बघेल. काठी घेऊन येणार, म्हणून शिंप्याच्या खिडकीला आत्ताच पडदा लावून ठेव. उरलेली भाजी उरणार नाही ह्याची हमी मी देते.

तोवर इथे ठरावाचं काय होतं ते बघायचंय. चौथ्या मजल्याची सही मिळणार नाही, तिथली सून परवा जिन्यात मला विचारत होती, काठी एखाद्या दिवशी मिळेल का, नवऱ्याला न सांगता. तळमजल्याची नक्की होणार. बाकीच्यांचं सांगता येत नाही. सोफ्यावरून मी कपड्यांची गठडी उचलून ठेवलीय, पण बसवायचं की दारातच उभं करायचं हे तोच ठरवणार. दार तो उघडतो आता.

गुरुवारी येतो म्हणालेत, सत्तावीस तारखेला, संध्याकाळी सहा वाजता.

तुझी धाकटी